दोन कार्डांचा सप्लाय

"...मग बाराशे वॅटचाच घेऊ ना, चाचा?"

नूरचाचा शिकलगारांनी उत्तर दिलं नाही. ते एका ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळत होते आणि तारेचे फेरे मोजत होते. मोजताना ते कुणाशीच बोलत नाहीत. मिरजेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पार्श्व चौगुलेला तर पक्कं ठाऊक असायला हवं होतं, कारण याच दुरुस्तीच्या दुकानात तो दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता.

पण हल्ली त्याला थांबायची सवय राहिली नव्हती. गावातल्या पोरांना गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून देणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि नाव झालं की माणसाला उगाच घाई होते.

मी माझा बिघडलेला रेडिओ मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. खरं तर पाळी माझी होती. त्याचा चेहरा बघून मी ती त्याला देऊन टाकली.

या वेळी कॉम्प्युटर त्याचा स्वतःचा होता. रिक्षात घालून आणलेला. सोबत जळका पॉवर सप्लाय, म्हणजे घरची वीज घेऊन कॉम्प्युटरच्या एकेका भागाला झेपेल तशी देणारा डबा. आणि दुकानदाराकडून पसंतीसाठी आणलेले दोन नवे सप्लाय.

फेरे संपले. चाचांनी तारेचं टोक पट्टीने चिकटवलं.

"आता सांग. काय झालं?"

पार्श्वने सांगितलं. सकाळी गेम ऐन रंगात आला असताना फट् झालं, जळका वास आला आणि स्क्रीन काळी पडली. आत गेमची चित्रं स्क्रीनवर उमटवणारी दोन ग्राफिक्स कार्डं होती. एक त्याचं, एक पद्मजाताईचं. बहीणभावाने एकाच दिवशी एकसारखी कार्डं घेतली होती आणि शेजारशेजारच्या खोल्यांतून एकमेकांना हरवत वर्षं काढली होती. लग्न होऊन बेळगावला जाताना ताईने आपलं कार्ड काढून याच्या हातात दिलं. तेव्हापासून दोन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये चालत होती.

"कार्डं तपासलीस?"

पार्श्वने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली.

"तपासलीस का?"

"धीर झाला नाही, चाचा."

एवढं बोलून तो लगेच आकड्यांकडे वळला. एका कार्डाला अडीचशे, दोन्हींना पाचशे, प्रोसेसरला सव्वाशे, बाकीच्याला साठ. जुना सप्लाय साडेसातशेचा. म्हणजे पुरायला हवा होता.

"बेरीज बरोबर आहे," चाचा म्हणाले.

"मग झालं तर. सप्लायच बोगस होता. आता बाराशेचा घेतला की विषयच मिटला."

चाचांनी दोन्ही नवे सप्लाय उचलून त्याच्या दोन हातांत ठेवले. एकावर सोनेरी अक्षरांत बाराशे लिहिलं होतं. दुसऱ्यावर बारीक अक्षरांत हजार.

पार्श्वने हात वरखाली केले. "बाराशेचा हलका लागतोय," तो जरा नाराजीनेच म्हणाला. "पण आकडा मोठा आहे."

"आत माल कमी, म्हणून हलका. किती देणार ते वर लिहिलंय. थांबणार कधी, ते कुठं लिहिलंय?"

"सप्लायनं थांबायचं कशाला? त्याचं काम द्यायचं."

चाचांनी जळका सप्लाय पुढे ओढला, स्क्रू काढले आणि बल्बच्या दोन तारा आतल्या मोठ्या कपॅसिटरला टेकवल्या. आत वीज साठून राहिली असेल तर बल्ब पेटतो. तो पेटला नाही. मग त्यांनी आत बोट घातलं.

एक बाजू काळी झाली होती. फ्यूजची काच काजळली होती. चाचांचं बोट त्या काळ्या भागावरून हळूहळू पुढे सरकलं आणि मधेच थांबलं.

त्याच्या पुढे, कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तारा जिथून निघतात तिथे, सगळं नव्यासारखं स्वच्छ होतं.

पार्श्वने वाकून पाहिलं.

"दोन्ही कार्डं एकदम जोर लावतात ना," चाचा म्हणाले, "तेव्हा तुझ्या बेरजेपेक्षा जास्त मागतात. क्षणभरच. पण रोज मागत होती, आणि हा रोज देत होता."

"आणि आज?"

"आज त्याच्याच्यानं झालं नाही. जळला. पण पुढं काही जाऊ दिलं नाही त्यानं."

पार्श्वने हातातला हलका सप्लाय गुपचूप खाली ठेवला. वजनदार होता तो चाचांच्या पुढे केला.

जोडणी त्याचीच, पण कार्डांच्या वायरींपाशी येऊन तो थांबला. शेवटच्या दोन चाचांनी लावल्या. बटण मात्र त्यालाच दाबायला सांगितलं.

पहिल्या कार्डाचा पंखा फिरला.

...

मग दुसऱ्याचा.

स्क्रीनवर दोन्ही कार्डांची नावं आली तेव्हा तो माझ्याकडे वळला. "ताईचं कार्ड वाचलं," तो मला म्हणाला. माझी त्याची बोलण्याइतकीही ओळख नव्हती. मी म्हटलं, वाचलं. त्याने परत तेच सांगितलं, मीही परत तेच म्हटलं. मला खरंच फार बरं वाटत होतं. रेडिओचं काय व्हायचं ते होऊ दे असं वाटलं.

मग तो चाचांच्या पायांशी वाकला. चाचांनी पाय मागे घेतले.

"उपकार झाले, चाचा."

"माझे कसले? कार्डं माझ्याकडं यायच्या आधीच वाचली होती."

आणि त्यांनी तो उघडा, जळका सप्लाय टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

पार्श्वने आतली काजळी बोटाने पुसली.

"हा तर कामातून गेला, चाचा."

चाचांनी झाकण बसवलं. चारी स्क्रू परत आवळले, चालत्या सप्लायचे आवळतात तितकेच घट्ट.

"कामातून गेला नाही रे," ते म्हणाले. "कामी आला."