डॉक्टरबाईंचा उखाणा

आमचे नगराध्यक्ष आप्पासाहेब मोहोळकर यांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस. डॉ. सुमेधा टिळेकरांनी गावात मनाच्या आजारांचा दवाखाना काढला, तेव्हापासून तिथे कोण कोण जातं, या विचाराने त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत डॉक्टरबाई त्यांना आयत्या सापडल्या. बायकांचे उखाणे रंगात आले होते. आप्पासाहेब गरजले, "डॉक्टरबाई, आता तुम्ही नाव घ्या! नवऱ्याचं नको, ते आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या एखाद्या पेशंटचं घ्या!"

पंगत खो खो हसली, पण काही जणांचे घास हातातच राहिले.

डॉक्टरबाईंनी पदर सावरला आणि ठसक्यात उखाणा घेतला,

"वरणभातावर वाढलं साजूक तूप,
आप्पासाहेबांचा मान राखून बसते मी गुपचूप."

झालं! सगळ्या माना आप्पासाहेबांकडे वळल्या. कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे आप्पासाहेबसुद्धा?"

आप्पासाहेब लालबुंद झाले. "मी कधी तुमच्या दवाखान्याची पायरी चढलोय का? सांगा या सगळ्यांना!"

"कसं सांगू?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोण येतं ते मी सांगत नाही. मग कोण येत नाही, ते तरी कसं सांगणार? उरलेले कोण, ते लोक बरोबर ओळखतील की!"

आप्पासाहेबांना ठसका लागला. तेवढ्यात समोरच्या पंगतीतून त्यांच्या आत्याबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अरे आप्पा, लाजतोस कशाला? मी तर उघड जाते. चांगला गुण आहे हो त्यांच्या हाताला!"