वटवटीला हवं एक झुडूप

एक होती वटवटी. अंगठ्याएवढा पक्षी. शेपटी सदा उभी. बसली की उठली, उठली की उडाली. भुर्र भुर्र! टिक टिक!

वटवटीला अंडी घालायची होती. म्हणून कोबीच्या मळ्यात, बांधावरच्या झुडपात ती घर शिवत होती. पानाला पान, मध्ये कापूस.

तेवढ्यात आले रावजीकाका. हातात कोयता. खच्च! झुडूप पडलं. घर पडलं.

बांधाच्या टोकाला एकच झुडूप उरलं. काका तिकडे निघाले. वटवटी पुढे उडाली.

"काका, काका, हे तरी ठेवा!"

"छे! माझ्या कोबीत अळ्या झाल्यात. त्या झुडपातूनच येतात. अळ्या हटल्या, तरच झुडूप ठेवीन."

काका कोयत्याला धार लावायला बसले. खर्र खर्र!

वटवटीने एक अळी खाल्ली. दुसरी खाल्ली. पण मळाभर अळ्या! एकटीचं काम नव्हतं.

भुर्र भुर्र, टिक टिक! गेली बेडकाकडे.

"बेडका, बेडका, मळ्यात चल!
अळ्या काही हटेनात,
काका काही ऐकेनात,
अंडी मी घालू कुठे?"

बेडूक म्हणाला, "डराँव! ऊन भाजतं. गवत नाही, लपू कुठे? गवत उगवलं, तर येईन."

भुर्र भुर्र, टिक टिक! गेली गवताकडे.

"गवता, गवता, वर ये!
बेडूक काही येईना,
अळ्या काही हटेनात,
काका काही ऐकेनात,
अंडी मी घालू कुठे?"

गवत म्हणालं, "माती कशी दगड झालीय. मूळ शिरेना. गांडुळाने माती उकरली, तर येईन."

खर्र खर्र! कोयता वाजतच होता.

भुर्र भुर्र, टिक टिक! गेली गांडुळाकडे.

"गांडुळा, गांडुळा, माती उकर!
गवत काही उगवेना,
बेडूक काही येईना,
अळ्या काही हटेनात,
काका काही ऐकेनात,
अंडी मी घालू कुठे?"

गांडूळ म्हणालं, "पोटात कण नाही गं. करंजाने पाला दिला, तर उकरीन."

भुर्र भुर्र, टिक टिक! गेली करंजाच्या झाडाकडे.

"करंजा, करंजा, पाला दे!
गांडूळ काही उकरेना,
गवत काही उगवेना,
बेडूक काही येईना,
अळ्या काही हटेनात,
काका काही ऐकेनात,
अंडी मी घालू कुठे?"

करंज म्हणाला, "रोज तर देतो! पण सगुणाकाकी झाडून नेते, पेटवून देते. तिला सांग."

काकी झाडत होती. खर्रट खर्रट! वटवटी बसली थेट खराट्यावर.

"काकी, काकी, पाला ठेव!
करंजाचा पाला उरेना,
गांडूळ काही उकरेना,
गवत काही उगवेना,
बेडूक काही येईना,
अळ्या काही हटेनात,
काका काही ऐकेनात,
अंडी मी घालू कुठे?"

"अगं बाई!" काकीने खराटा टाकला. "कोबी आमचा, अन् पाला मीच जाळतेय!"

तिने टोपलीभर पाला बांधावर पसरला. वर पाणी शिंपडलं. "अहो," ती काकांना म्हणाली, "तो कोयता जरा ठेवा!"

काका थांबले. वटवटी कुठली थांबते! आली, बघून गेली. परत आली, परत गेली.

पाला मऊ झाला. गांडुळाने खाल्ला. वळवळ वळवळ! माती भुसभुशीत झाली. गवत आलं, लवलव लवलव! गवतात बेडूक आला. आला तो गणगोत घेऊन आला. कोळीही आला, जाळं विणून बसला.

गट्टम! गट्टम! अळ्या हटल्या.

काका कोबीचं पान उलटून बघतात, तर काय! पान हिरवंगार. "वटवटे," काका म्हणाले, "झुडूप तुझं. बांधही तुझा."

वटवटीने सरसर घर शिवलं. अंडी घातली. पिल्लं निघाली. चोची उघडून ओरडली, "भूक! भूक!"

झालं! वटवटी कोबीवर. उरलीसुरली अळी टिपली, झुडपात गेली. परत कोबीवर, परत झुडपात.

"अगं, बस की जरा!" काका म्हणाले.

"बसते कुठली! भुर्र भुर्र, टिक टिक!"

वटवटी उडाली, गोष्ट तिच्यामागे गेली.