न उघडलेली बाटली

"पण न उघडता आतलं काढता येईल की नाही, तेवढं सांगा."

कडलग बुवांचं लक्ष दुसरीकडे होतं. बिअरच्या टाकीतून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत सोडलेली होती. तिच्यातून बुडबुडे येत होते, त्यांच्याकडे कान लावून ते उभे होते.

सारंग निमकर टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली छातीशी धरून वाट बघत राहिला. पुण्याहून नाशिकपर्यंत त्याने ती बर्फाच्या पेटीतून आणली होती. वाटेत चहालासुद्धा थांबला नव्हता.

"ऐकलंत का बुवा?"

"ऐकतोय."

ते त्याचं ऐकत होते की बादलीचं, ते मात्र कळलं नाही.

बुवा म्हणजे काही माळकरी बुवा नव्हेत. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून जन्म घालवलेला संगमनेरकडचा माणूस. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे जागीच बिअर करून पाजणाऱ्या ठिकाणी, बिअर करू लागला. तो ब्रूपब बंद पडला, तसा इथे नाशिकबाहेर धरणाच्या वाटेवरच्या दुसऱ्या ब्रूपबमध्ये आला. नवी नोकरी धरण्याआधी बिअर करणारी तरणी पोरं येऊन त्यांच्या पाया पडत, म्हणून नाव पडलं बुवा. मठ म्हणाल तर ब्रूपबच्या मागची ही ओलसर खोली. देव म्हणाल तर स्टीलच्या चार टाक्या.

सारंगही काही ऐरागैरा नव्हता. पुण्यात कुठे नवी बिअर निघाली की आधी त्याला बोलावणं जाई. एका घोटात तो माल्ट कुठलं, कडवटपणा आणणारे हॉप्स कुठले, चूक कुठे झाली, सगळं सांगे. याच्या नाकाचा विमा उतरवला पाहिजे, असं लोक म्हणत. लोक उगाच वाढवून बोलतात, असं त्याने कधी म्हटलं नव्हतं.

अखेर बुवा वळले.

"कसं काढायचं म्हणता?"

सारंग तयारीनिशी आला होता. त्याने टॉवेल सोडला. जाड काचेची, तारेच्या खटक्याने झाकण बसणारी बाटली. आत काळी बिअर.

"झाकणाला रबराचं वायसर आहे. त्यातून बारीक सुई आत सोडायची. तळाशी यीस्टचा गाळ बसलाय, तेवढा ओढून घ्यायचा. ते यीस्ट तुम्ही वाढवायचं आणि त्यावर हीच बिअर परत करायची. बाटली आहे तशी राहील."

"सुई आणलीय?"

"आणलीय. निर्जंतुक करून."

"टोचलं म्हंजे उघडलं न्हाई, असं हाय का?"



"…बारीकसंच भोक पडेल."

"हं."

बुवांनी दोन रिकामे क्रेट पालथे घातले. एकावर स्वतः बसले, दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सारंग बसला. बाटली मांडीवर.

"काकवीची काळी," बुवा काचेकडे बघत म्हणाले. "आमच्या पुण्यातल्या जागेची. एवढ्यासाठी यीस्ट कशाला? कृती देतो. कुणाकडूनही करून घ्या."

"कृती तुम्ही सगळ्यांनाच देता. मीही मिळवली. दोन ठिकाणी करून घेतली. काकवी तुमच्याच भागातली, माल्ट तेच, फक्त यीस्ट वेगळं; तुमचं तेव्हाचं आता याच बाटलीत उरलंय. तशी लागत नाही."

"कशी लागत न्हाई?"

"तशी."

"तशी म्हंजे?"

ज्याच्याकडे प्रत्येक चवीला शब्द होता, त्या माणसाला शब्द सापडेना. बुवांनी घाई केली नाही. बादलीत बुडबुडे येत राहिले.

"वैजूबरोबर प्यायलो होतो तशी," सारंग म्हणाला.

वैजू म्हणजे वैजयंती, सारंगची बायको. दर शनिवारी दोघांचा नेम होता. नवा ब्रूपब शोधायचा, लाकडी पाटीवर इवल्या ग्लासांतून येणारे तिथले सगळे नमुने मागवायचे आणि एकेक ग्लास दोघांत प्यायचा. सारंग ग्लास उजेडात धरायचा, हलवायचा, हुंगायचा, मग भाषण सुरू करायचा. वैजू गालावर हात ठेवून ते सगळं ऐकायची आणि शेवटी एका वाक्यात निकाल लावायची. पुष्कळदा शेजारच्या टेबलावरचेही हसायचे. सारंगला राग यायचा, आणि पुढचा शनिवार कधी येतो असंही व्हायचं.

अशाच एका शनिवारी बुवांच्या तेव्हाच्या, पुण्यातल्या ब्रूपबमध्ये त्यांना ही काळी बिअर मिळाली. त्या एका दिवशी वैजू काही बोलली नाही. तिने अख्खा ग्लास मागवला, दोघांनी तो संपवला, आणि निघताना तिने एक बाटली भरून घेतली. उद्या भजी करते, या बिअरबरोबर भजीच पाहिजेत, असं म्हणाली.

रविवारी सकाळी डोकं फार दुखतंय म्हणाली. दुपारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सारंग एकटाच घरी परत आला.

बाटली फ्रिजच्या दारात होती. तिथेच राहिली. या गोष्टीला तीन वर्षं झाली. मधे फ्रिज बिघडला तेव्हा त्याने ती शेजाऱ्यांकडे ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ बघून यायचा. शेजारी बिचारे शाकाहारी, माळकरी. त्यांनी दुधाच्या पातेल्याशेजारी तिला जागा दिली आणि एका शब्दाने विचारलं नाही.

हे सगळं सारंगने तुटक तुटक सांगितलं. 

"आता शनिवारी काय करता?"

"जातो. पुण्यातले सगळे झाले. ठाणं, बंगळूर, गोवा झालं. सगळे नमुने मागवतो आणि काळी शेवटी ठेवतो." तो थांबला. "एका ठिकाणी पहिल्या घोटाला वाटलं, हीच. उठून उभा राहिलो. दुसऱ्या घोटाला कळलं, नाही."

"ती चव घेऊन काय करणार?"

सारंगने मान वर केली नाही.

"ती चव आली की तिचा आवाज येईल."

"न्हाई येत?"

"पुसट होत चाललाय, बुवा."

बुवांनी मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं. मग सारंगकडे.

"काय म्हणायची ती?"

"म्हणजे?"

"बिअर पिऊन. काय म्हणायची?"

सारंगच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं.

"गव्हाच्या बिअरला म्हणायची, ही सासरच्या पाहुण्यांना द्यावी, कुणाचं काही बिघडणार नाही."

"अजून?"

"एकदा फार कडू बिअर आली. मी अर्धा तास तिचे गुण गायलो. ही म्हणाली, अहो निमकर, आमच्या लहानपणी असलं काही पाजलं की वर साखर द्यायचे."

"निमकर म्हणायची?"

"चिडवायचं असलं की."

"अजून?"

"आंब्याची एक होती. म्हणाली, आंब्याने असं काय पाप केलं होतं?"

बुवा खांदे हलवून हसले.

"अजून?"

सारंगने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"…बस. एवढंच."

"एवढंच?"

"आणखी असेल, मला आठवत नाही. जे आठवतं तेच पुन्हा पुन्हा आठवतं. सुरुवातीला एकेक ऐकून हसायचो. आता वाक्य सुरू होण्याआधीच शेवट माहीत असतो." त्याने बाटलीवरून अंगठा फिरवला. "माणूस जातं ते एकदम जातं असं वाटलं होतं मला. ती अजून जातेच आहे, बुवा. रोज थोडी थोडी. मला तिची फार आठवण येते आणि माझ्याकडे आठवणीच उरत नाहीत."



मग बुवांनी हात पुढे केला. सारंगने क्षणभर विचार केला आणि बाटली त्यांच्या हातात दिली. खिशातून सुईची डबी काढली.

"हळू धरा. हलली तर गाळ वर येईल. आधी झाकणाभोवती स्पिरिट लावू, मग सुई तिरकी…"

"ही घेतली कशापायी होती?"

"काय?"

"तिनं ही बाटली भरून घेतली. कशापायी?"

"प्यायला," सारंग डबी उघडता उघडता म्हणाला.

बुवांनी अंगठ्याने खटका वर ढकलला.

मोठा आवाजही झाला नाही. थकल्यासारखं एक फुस्स झालं, आणि खोलीभर आंबट वास पसरला.

सारंगच्या हातातली डबी खाली पडली.

"अहो! काय केलंत! काय केलंत हे तुम्ही!"

बुवांनी बाटली गोल गोल घुसळली. तळाचा गाळ उठला आणि काळ्या बिअरमध्ये मिसळून गेला. शेजारच्या फळीवरून त्यांनी मोठा ग्लास घेतला आणि बाटली त्यात पार उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली.

"गाळ!" सारंग ओरडला. "गाळपण ओतलात! त्यातच तर सगळं होतं!"

"व्हय. म्हणून तर ओतला."

सारंगच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. याला बुवा म्हणतात? याच्या पाया पडतात लोक? तीन वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपलेली वस्तू या म्हाताऱ्याने एका अंगठ्याने संपवली होती. तो उठला. त्याची मूठ वळली होती, आणि ती वळलीय हे त्याला कळलंही नव्हतं.

बुवांनी ग्लास पुढे केला.

"पी."

"व्हिनेगर झालंय त्याचं! वास येत नाही का तुम्हाला?"

"येतो की."

"मग?"

"तिनं प्यायला घेतलेली. पी."

सारंग उभाच राहिला. मग परत क्रेटवर बसला. ग्लास दोन्ही हातांत धरला. सवयीने तो उजेडात नेला, सवयीने नाकापाशी आणला.

"चाखू नको," बुवा म्हणाले. "पी."

त्याने डोळे मिटले आणि ग्लास तोंडाला लावला.

असलं भयंकर त्याने जन्मात काही प्यायलं नव्हतं. आंबट म्हणजे किती आंबट असावं. दात शिवशिवले, जबडा आवळला, कानशिलं तापली. काकवीचा मागमूस नव्हता. त्या शनिवारचंही त्यात काही उरलं नव्हतं. तरी तो पीत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी प्यायला. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्याचा चेहरा चिंच खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

आणि एकाएकी तो हसला.

स्वतःच दचकला. हात तोंडावर नेला. हसू थांबेना.

"काय झालं?"

"वैजू…"

"काय वैजू?"

"ती म्हणाली…" त्याला धड बोलता येईना. "म्हणाली, अहो निमकर, पिताय काय? त्यात मिरच्या घाला आणि बरणी उन्हात ठेवा!"

बुवाही हसले. मोठ्याने हसले. चार टाक्यांच्या त्या खोलीत दोघांचं हसणं घुमलं.

मग सारंग थांबला. त्याचा चेहरा हळूहळू पालटला.

"बुवा…"

"हं."

"हे ती कधी म्हणाली नव्हती."

"न्हाई?"

"नाही. हे मला आठवत नव्हतं. हे… हे झालंच नव्हतं कधी. हे ती आत्ता म्हणाली."



सारंग रडायला लागला. दवाखान्याच्या जिन्यावर रडला नव्हता, लोक भेटायला आले तेव्हा रडला नव्हता, तेवढं सगळं रडला. मधेच त्याला हसू येई, मग पुन्हा रडू. बायको दाराआडून बोलतेय आणि आता कुठल्याही क्षणी आत येईल, असं त्याला वाटत होतं. ती येणार नाही हेही ठाऊक होतं. दोन्ही एकदम. इतकी ओढ त्याला ती जिवंत असतानाही कधी लागली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले. तोंडात तो आंबटपणा तसाच होता. फळीवर पाण्याचा तांब्या दिसला. चाखणाऱ्यांची जुनी रीत असते. एक चव झाली की चूळ भरायची, तोंड कोरं करायचं आणि पुढच्या ग्लासाकडे वळायचं. सारंगचा हात आपोआप तांब्याकडे गेला.

बुवांनी तांब्या उचलला आणि आपल्या पाठीमागे ठेवला.

"इतक्यात चूळ भरू नको," ते म्हणाले. "तिचं बोलणं होऊ दे."