चांगुणेचा श्वास आणि लहानूचे उपाय

एका गावात लहानू नावाचा एक भोळा माणूस होता. मिरची कांडपाच्या गिरणीत तो कामाला होता. मनाने लोण्यासारखा, आणि कानाने पक्का. सांगितलेलं एक अक्षर विसरत नसे. अडचण एवढीच, की ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही, हे त्याच्या डोक्यात शिरत नसे.

त्याच्या बायकोला, चांगुणेला, दमा होता. ती केर काढू लागली की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. त्याने ठरवलं, काहीही होवो, हिचा श्वास पुन्हा अडू द्यायचा नाही.

दोघं सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या.

"दमा एकाच जातीचा नसतो, लहानूभाऊ. कुणाला धुळीने होतो, कुणाला गारठ्याने, कुणाला धावल्याने, कुणाला कामाच्या जागी. यांचा धुळीचा आहे. हा पंप कायम जवळ ठेवा. आणि केर काढण्याआधी पाणी शिंपडा."

"श्वास अडला की पाणी," लहानू म्हणाला.

"केर काढण्याआधी," बाई म्हणाल्या. पण तोवर त्याचं पाठ झालं होतं.

पौषात सासरे केरबा मुक्कामाला आले. सकाळी ओट्यावर येऊन बसले आणि गार वाऱ्याने त्यांना धाप लागली. लहानू धावत आत गेला आणि कळशी आणून त्यांच्यावर उपडी केली.

"जावईबापू," केरबा कुडकुडत म्हणाले, "माझी आंघोळ झाली होती."

"आंघोळ नाही मामा, औषध आहे."

चांगुणेने वडलांना आधी कोरडं केलं आणि मग लहानूबरोबर दवाखान्यात पाठवलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "यांचा गारठ्याचा दमा आहे. धुळीचा उपाय इथे कशाला? यांना ऊब द्या. दारं-खिडक्या लावा, नाकातोंडावर मफलर गुंडाळा."

"हे आधी सांगायचं ना," लहानू म्हणाला. त्याला थोडं वाईटच वाटलं होतं.

चैत्र आला. गिरणीत मसाल्यांची गर्दी उसळली. मिरचीचा खकाणा इतका, की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. मिरच्या निवडणाऱ्या शेवंताकाकूंना तिथे दम लागला. लहानूने तडक घोंगडी आणली. काकूंना डोक्यावरून गुंडाळलं. खिडक्या लावल्या, बाहेर येऊन दार लावलं, वर कडी घातली. मशीन चालूच ठेवलं, कारण ते बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने गिरणीचा मालक दार मोडून बाहेर आला. त्याच्यामागून गिऱ्हाइकं आली. शेवटी घोंगडी आली. आतून शिव्या ऐकू येत होत्या, म्हणजे काकूंचा श्वास चालू होता.

"हा कामाच्या जागेचा दमा," दवाखान्यात बाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी यांना काहीच होत नाही, बघा. म्हणून आधी कारण शोधायचं. आणि ते कारण माणसाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं," लहानू म्हणाला. या वेळी त्याला खरंच समजल्यासारखं वाटलं.

घरी येऊन त्याने चांगुणेला सगळी हकीकत सांगितली. घोंगडी बाहेर आली तिथपर्यंत ती कशीबशी गप्प होती. मग तिला हसू फुटलं. हसता हसता धाप लागली. लहानूने तिच्या हातात पंप दिला, तिची धाप ओसरल्यावर शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि दवाखान्याकडे पळत सुटला.

"बाई, आज धूळ नव्हती, गारठा नव्हता. नुसती हसली."

"हसण्यानेही होतो कुणाकुणाला," बाई म्हणाल्या. "पण पंप नियमित घेतला तर पोटभर हसायलाही हरकत..."

लहानू केव्हाच दाराबाहेर पडला होता. कारण सापडलं होतं. आता हसू तिच्या आसपास फिरकू द्यायचं नव्हतं.

वाटेत पारावर भिवातात्या बसले होते. गावातलं कुठलंही कार्य त्यांच्याशिवाय पार पडत नसे.

"तात्या, माणसं घेऊन घरी चला. रडायला."

तात्या उठून उभे राहिले. "कोण रे?"

"आमची चांगुणा. तिचा श्वास..." लहानूला पळून पळून बोलवेना.

"कधी झालं?"

"आत्ता, दुपारी."

"फार त्रास झाला का?"

"नाही. हसत हसतच झालं."

तात्यांनी डोळे पुसले. "पुण्यवान बाई," म्हणाले, आणि कामाला लागले.

तासाभरात अर्धं गाव लहानूच्या अंगणात जमलं. बांबू आले, मडकं आलं, पांढरं कापड आलं. बायकांनी दारातच गळा काढला. लहानूला भरून आलं. एवढी माणसं आपल्या बायकोसाठी धावून आली.

आवाज ऐकून चांगुणा तांदूळ निवडता निवडता सूप हातात घेऊनच बाहेर आली. तिने बांबूंकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं.

"तात्या, कोण गेलं हो?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या सुतळीकडे पाहिलं.

"तू," ते म्हणाले.

चांगुणेच्या हातून सूप पडलं. ती उंबऱ्यावर बसली आणि पोट धरून हसू लागली. मग बायका हसल्या, बांबूवाले हसले, तात्याही बांबूचा आधार घेऊन हसले. चांगुणेची छाती वाजू लागली. लहानूने झटकन तिच्या हातात पंप दिला, ती सावरेपर्यंत पाठीवर हात ठेवून बसला, आणि मग गावाकडे वळून रागाने म्हणाला,

"अर्धं गाव आलात, आणि एकालाही नीट रडता येत नाही?"