विश्रामची बंद डबी

एका तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री राहत होता. त्याचे नाव विश्राम. हाताला कसब होते, पण डोक्यात हवाही तितकीच होती. गावातले बाकीचे मिस्त्री मोबाइलच्या काचा बदलू लागले, तरी हा आपला जुन्या कॅसेटींना चिकटून होता.

एकदा त्याने एक डबी तयार केली. एका बाजूने टेपरेकॉर्डरची तार आत जायची, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर निघून कॉम्प्युटरला लागायची. कॅसेट वाजवली की तिच्यातला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरायचा आणि कायमचा राहायचा. आतली सगळी जोडणी विश्रामने स्वतः केली होती. ती पाहून दुसऱ्या कुणी तशीच डबी करू नये म्हणून त्याने झाकण गमने पक्के चिकटवले आणि त्यावर लाल रंगात आपले नाव लिहिले. मग वरातीच्या बँडच्या दोन-तीन कॅसेटी लावून पाहिल्या. दणक्यात वाजल्या. त्या दणक्यात डबीची स्वतःची गुणगुण काही त्याच्या कानी आली नाही.

पुढच्याच आठवड्यात लीलाबाई गायधनी दुकानात आल्या. त्यांचे यजमान एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. लीलाबाईंनी रुमालाच्या घडीतून एक कॅसेट काढली.

"यांचा आवाज आहे हो यात. एकुलता एक," त्या म्हणाल्या. "स्टँडवर ओरडून घरी यायचे, मग घरात अगदी हळू बोलायचे. शेवटी मला हाक मारलीये, 'लीले' म्हणून. आमचा टेप बिघडला, तेव्हापासून ऐकलंच नाही. आता मला लीले म्हणणारं कुणी उरलं नाही, मिस्त्री."

"चार दिवसांनी या, काकू. जन्मभर पुरेल असा करून देतो," विश्राम म्हणाला.

त्याने कॅसेट लावली. तार खुपसली की टेपरेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर मुका व्हायचा, म्हणून ऐकायचे ते कॉम्प्युटरमधूनच; तिथून नुसती घूं घूं ऐकू आली. तिच्याखाली कुणी माणूस बोलत होता, पण शब्द लागत नव्हता. विश्रामने कपाळाला आठी घातली. कॅसेटच जुनाट, त्याने ठरवून टाकले. फीत ज्याला घासत जाते ते टेपरेकॉर्डरचे हेड त्याने स्पिरिटने पुसले आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून वाजवली. घूं घूं तशीच. बाहेरच्या वायरी बदलल्या, पुन्हा वाजवली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालवला, पुन्हा वाजवली. शेजारच्या डेअरीवाल्याशी भांडून त्याचा फ्रीज तासभर बंद करायला लावला, पुन्हा वाजवली. गुणगुण काही हटेना.

एकदा डबीच्या तोंडाशी, तार खुपसतात त्या धातूच्या कड्याला त्याचे बोट टेकले आणि गुणगुण एकदम उतरली. बोट काढले, पुन्हा चढली. विश्राम जागच्या जागी थबकला. याचा अर्थ नवशिक्यालाही कळला असता. आतली अर्थिंगची, म्हणजे गुणगुण मुरवणारी, तार सुटली होती. पण ती जोडायची तर झाकण फोडावे लागणार, आणि झाकणावर तर त्याचे नाव. त्याने बोट खिशात घातले आणि दुसरीकडे पाहिले. माणूस स्वतःपासून किती सहज तोंड फिरवतो!

समोरचा वायरमन रफीक हे सगळे पाहत होता. तो म्हणाला, "विश्रामभाऊ, एकदा डबी उघडून बघा की."

"माझा कथिलाचा टाका कच्चा निघेल होय रे? तू आपले पंखे सांभाळ," विश्राम फणकारला. रफीक आपल्या पंख्यांकडे वळला.

चाराचे दहा दिवस झाले. प्रत्येक वेळी हेडवर तपकिरी भुकटी साचायची आणि विश्राम ती कापसाने पुसून टाकायचा. दुसरी एखादी कॅसेट लावून तपासणी करावी, हे त्या रागात त्याला सुचलेच नाही. इतक्या वर्षांची ती फीत, वाजेल तशी झडत होती. कापसावर येत होता तो मळ नव्हता, तो गायधनींचा आवाज होता.

विसाव्या वेळी घूं घूं एकटीच उरली. तिच्याखाली कुणी बोलत नव्हते. विश्रामने स्क्रूड्रायव्हर घालून झाकण फोडले, लाल अक्षरांचे दोन तुकडे झाले. अर्थिंगच्या तारेचा टाका कच्चा होता. तार नुसती टेकून राहिली होती. त्याने कथिलाचा नवा थेंब लावला. सगळे मिळून पाच मिनिटे लागली. मग त्याने कॅसेट लावली. गुणगुण पार गेली होती, आणि कॅसेटमध्येही काही नव्हते.

लीलाबाई आल्या तेव्हा 'कॅसेटच खराब होती' हे वाक्य विश्रामच्या ओठांवर तयार होते. पण त्यांनी आज धुवट पातळ नेसले होते, केस नीट विंचरले होते, कुणाला भेटायला आल्यासारखे. त्याला खोटे बोलवेना. त्याने फुटकी डबी पुढे केली आणि सगळे सांगितले.

लीलाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी कॅसेट उचलून पुन्हा रुमालाच्या घडीत ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही तर वीस वेळा ऐकलंत ना? मग एवढंच करा. त्यांनी हाक कशी मारली होती, तशी एकदा मारून दाखवा. मी डोळे मिटते."

त्यांनी खरेच डोळे मिटले.

विश्रामने तोंड उघडले. वीसही वेळा त्याने कान लावून ऐकली होती ती फक्त गुणगुण. हाक कशी होती, ते त्याला ठाऊकच नव्हते. तो तसाच उभा राहिला आणि लीलाबाई डोळे मिटून वाट पाहत राहिल्या.

तात्पर्य: बिघाड शोधायचा तर आधी आपल्या हातचे काम उघडून पाहावे. आपल्या नावाला जपण्यासाठी जो झाकण बंद ठेवतो, त्याच्या चुकीत दुसऱ्याचे असे काही जाते, जे त्याला कधीच परत करता येत नाही.