गार आमटी आणि गरम थालीपीठ

चिंचणगडच्या राजाने सगुणा स्वयंपाकिणीची उमेदवारी पुन्हा एकदा वाढवली. कारण नेहमीचंच. आमटी गार होती!

आता ती गार का होती, हे स्वयंपाकघरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. राजाच्या पणजोबांनी एक नियम घालून ठेवला होता. कायम झालेल्या हाताचं अन्न राजाने थेट खावं. उमेदवाराच्या हाताचं मात्र आधी चाखणाऱ्याने खावं, मग घटकाभर थांबून त्याला चक्कर, उलटी, पोटदुखी काही होतंय का ते पाहावं आणि तो धडधाकट राहिला तरच राजाने घास घ्यावा. मधल्या वेळात त्या अन्नाला विस्तव दाखवायचा नाही. थोडक्यात, सगुणा उमेदवार होती म्हणून जेवण गार होत होतं आणि जेवण गार होतं म्हणून ती उमेदवारच राहत होती. इतका पक्का कारभार दुसऱ्या कुठल्याही राज्यात नव्हता.

चाखणारा भिवा या व्यवस्थेवर फार खूश होता. सगुणा आली तेव्हा तो सडपातळ होता.

सगुणाला मात्र घाई होती. उमेदवाराला गडावर खोली मिळत नसे. ती सरपणाच्या कोठीत चटईवर निजायची. तिची लेक ठकी खाली गावात चुलत्याकडे होती आणि भेट झाली की एकच विचारायची, "आई, मला कधी नेणार?"

या वेळी सगुणा पदर खोचून थेट दरबारात गेली.

"सरकार, माझ्या हाताला चव नाही का?"

"चव उत्तम आहे," राजा म्हणाला. "पण गार!"

"मी चुलीवरून उतरवते तेव्हा गरम असतं, सरकार."

"माझ्यापर्यंत येतं तेव्हा नसतं. मी चुलीवर बसून जेवू काय?"

कारभारी नरहरपंत पुढे सरसावले. "सरकार, बाई नवी आहे. अजून थोडी मुरू द्या."

"पंत, लोणचंसुद्धा एका वर्षात मुरतं हो!" सगुणा म्हणाली. "माझ्यावर तर बुरशी धरायची वेळ आली."

राजाच्या मिशा हलल्या. पण राजाच तो, हट्ट कसा सोडणार?

"ठीक आहे. उद्या दुपारी मला गरम जेवण वाढ. पणजोबांचा नियम मोडायचा नाही. जमलं तर तू कायम. नाही जमलं तर उद्याच गड उतरायचा!"

पंतांनी समाधानाने मान डोलावली. न जमणारी कामं सोपवण्यात त्यांना वेगळाच आनंद होई.

"जमेल, सरकार. फक्त तुमचा पाट चुलीशेजारी मांडू द्या."

"हे नियमात बसतं का?" पंतांनी विचारलं.

"पाट कुठे मांडायचा हे पणजोबा सांगायचे राहून गेलेत," सगुणा म्हणाली. राजाने परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी राजा घोड्यावरून लांब रपेट मारून आला आणि भुकेलेला तसाच पाटावर बसला. समोर चूल, चुलीवर तवा. सगुणाने भाजणीचं थालीपीठ थापलं, भोकं पाडली, तेल सोडलं. चर्रर्र! खमंग वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. राजाने आवंढा गिळला.

सगुणाने थालीपीठ उतरवलं, मोडलं, अर्धं राजाच्या ताटात ठेवलं आणि अर्धं लोण्याच्या गोळ्यासकट भिवापुढे.

"खा, भिवाभाऊ. सावकाश."

भिवाने सावकाश खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. बोटंसुद्धा चाटली.

"काही होतंय का रे?" राजाने अधीर होऊन विचारलं.

"अजून कळत नाही, सरकार," भिवा म्हणाला. "आणखी एक खाल्लं तर नक्की सांगता येईल."

राजाच्या ताटातला तुकडा निवत चालला होता. सगुणाने दुसरं थालीपीठ तव्यावर टाकलं. कडा लाल झाल्या.

"हे माझं ना?"

"छे, सरकार! तुमचं ते ताटातलं, गार होतंय. हे भिवाभाऊंचं. एका थालीपिठावरून उमेदवाराच्या हाताची खात्री कशी पटायची? थोडं मुरू द्या."

तिने ते उतरवून वर लोणी घातलं. लोणी वितळून भोकांत उतरू लागलं. भिवाने हात पुढे केला.

पण राजाचा हात आधी पोहोचला! त्याने मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"हाय हाय! जीभ भाजली!"

"म्हणजे गरम होतं ना, सरकार?" सगुणाने नम्रपणे विचारलं.

"सरकार!" पंत किंचाळले. "न चाखलेलं अन्न! नियम मोडला!"

"कुणी मोडला, पंत?" सगुणाने विचारलं.

"सरकारांनी, दुसऱ्या कुणी..." म्हणता म्हणता पंतांनी जीभ चावली. राजा घास थांबवून त्यांच्याकडे बघत होता. भिवा हळूच दोन पावलं बाजूला झाला.

"असं बोलू नये हो!" सगुणा म्हणाली. "चिंचणगडचा राजा पणजोबांचा नियम मोडेल का कधी? नियम काय सांगतो? राजा थेट खातो ते कायम झालेल्या हाताचं. सरकारांनी तर आत्ता तुमच्यादेखत थेट खाल्लं. म्हणजे घास तोंडात गेला त्याआधीच मी कायम झाले असणार. नाही तर पंत म्हणतात ते खरं! आता सरकारांनीच सांगावं, मी कायम की सरकार चुकले?"

राजा असा हसला की त्याला ठसका लागला आणि भिवाला पाणी आणायला धावावं लागलं.

"पंत, हिची उमेदवारी संपली! मी ती लोण्याबरोबर खाऊन टाकली. विहिरीजवळची मोठी खोली हिला द्या. आणि तुम्ही स्वतः माझा मेणा घेऊन खाली जा, हिच्या लेकीला मानाने गडावर आणा."

"मी स्वतः, सरकार? या उन्हात?"

"तुम्हीच. आणि वाटेत पोरीने किती वेळ लागेल असं विचारलं, तर मुदत वाढवू नका!" राजाने ताट पुढे सरकवलं. "सगुणाबाई, पुढचं टाका!"