पालोबाची साक्ष

एका राज्यात एक वारूळ होते आणि ते नागाने बांधले आहे, हे सर्वांना ठाऊक होते. बांधताना कोणी पाहिले होते असे नाही. पण वारूळ पुरुषभर उंच होते, त्यात नाग राहत होता, आणि एवढे मोठे काम एवढ्या मोठ्यानेच केले असणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. नागाने स्वतः तसा दावा कधी केला नव्हता. त्याने कधी नाहीही म्हटले नव्हते.

वारुळाला लागून एक दगडी भिंत होती. ऊन कलले की रिकामे जीव तिच्यावर जमत आणि जगातल्या वाटेल त्या विषयावर बोलत. बोलण्यासाठी काही ठाऊक असण्याची अट नव्हती. बोलणाऱ्याने बोलायचे आणि सरड्यांनी माना डोलवायच्या. जितक्या माना, तितके ते खरे. एक रीत मात्र कडक होती. कोणी बोलत असताना पाल चुकचुकली, की त्या बोलण्याला साक्ष मिळाली असे धरत. सगळे तीनदा भिंतीवर पंजा आपटत आणि तो विषय कायमचा मिटे.

भिंतीवर पाल एकच होती: वरच्या फटीत राहणारा म्हातारा पालोबा. त्याचा जन्म एका ग्रंथघरात, कपाटामागे गेला होता आणि उतारवयात तो इथे आला होता. भिंतीची रीत त्याला कोणी सांगितली नव्हती. कोणी चुकीचे बोलले की त्याच्या गळ्यातून आपोआप "चूक! चूक!" निघे. खाली पंजे आपटत, आणि ती आपल्या विद्वत्तेला मिळालेली दाद आहे, असे त्या भोळ्या जिवाला वाटे. मग तो सविस्तर खुलासा सुरू करी. "माझ्या अल्प माहितीप्रमाणे," तो म्हणे, "अर्थात माझे चुकत असेल, पण..." 'पण'पर्यंत येईतो भिंत रिकामी झालेली असे.

वारूळ कोण बांधते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. हजारो वाळव्या तोंडातून मातीचा एकेक कण आणून थुंकीने चिकटवत. तरीही त्याला स्वतःची खात्री नव्हती. तो तीन दिवस उलटा लटकून पुन्हा पाहत राहिला, आणि चौथ्या दिवशी आपली नजर अधू झाली असेल का, या काळजीत पडला.

त्या वर्षी वारुळाला तडा गेला.

"बघा, तड्यापाशी सगळ्यांत जास्त गर्दी कोणाची? वाळवीची!" टोळ भिंतीवरून गरजला. त्याचा आवाज मोठा होता आणि पाय सतत उडीच्या तयारीत असत. "नाग बिचारा राबराब राबून बांधतो आणि ही जात आतून पोखरते. उद्याच ठराव करू. मुंगळ्यांना आत सोडू, म्हणजे कटकटच संपेल."

सरड्यांच्या माना डोलल्या.

"अहो, त्या तडा बुजवतायत!" पालोबा ओरडला. घाईत 'चूक' म्हणायचे राहूनच गेले.

"काका, तुम्ही रोज चिलटं गिळता," टोळ म्हणाला. "तुम्हाला आज किड्यांचा कळवळा कुठून आला?"

भिंत हसली. ते खरे होते, हे पालोबालाही ठाऊक होते. आपल्याला बोलायचा अधिकार आहे का, हाच विचार करीत तो फटीत शिरला.

सकाळी एक कामकरी वाळवी भिंतीच्या सांध्यातून वर आली. तिला डोळे नव्हते, कामकरी वाळव्यांना नसतातच.

"आजोबा, आज सभेत तेवढं बोलू नका."

"मी बोललो नाही तर तुमच्या बाजूने कोण बोलेल?"

"तुम्ही आमच्या बाजूने कधी बोललात?" ती म्हणाली. "आम्हाला दिसत नाही, पण भिंतीचा हादरा पायाला कळतो. तुम्ही चूक म्हटलं की भिंत तीनदा हादरते. ती साक्ष असते, आजोबा. गेली पाच वर्षं तुमच्याच साक्षीवर नाग वारूळ बांधतोय."

पालोबाच्या पायांची पकड सुटता सुटता राहिली. पाच वर्षांत आपण जे जे खोडून काढले, ते ते तो एकेक करून आठवू लागला.

"साक्ष नसेल तर ठराव होत नाही," वाळवी म्हणाली. "आत आमची अंडी आहेत. एक संध्याकाळ तोंड मिटून बसा. जमेल?"

"जमेल," पालोबा म्हणाला, आणि लगेच त्याला शंका आली.

संध्याकाळी तो आपलीच शेपटी दातांत धरून बसला. टोळ म्हणाला, वाळवी माती खाऊन संपवते. पालोबा गप्प राहिला. टोळ म्हणाला, वाळवीने आजवर एक कणही उचललेला नाही. शेपटीत दात रुतले, पण तो गप्प राहिला. सरडे माना डोलवून दमले आणि टोळ वर पाहू लागला. साक्ष येईना. एकदोघे उठायच्या बेतात होते.

"मी सांगतो ना," टोळ घाईघाईने म्हणाला, "नागाने हे वारूळ आपल्या दोन्ही हातांनी लिंपलंय!"

हातांनी! पालोबाचे सारे शिक्षण त्याच्या गळ्याशी आले. शेपटी तुटून खाली पडली आणि तोंड मोकळे झाले.

"चूक! चूक! चूक!"

भिंत तीनदा हादरली.

मुंगळे आत शिरले. उरलेल्या वाळव्या अंडी तोंडात धरून जमिनीखालून निघून गेल्या. कोणत्या दिशेने, ते कोणी पाहिले नाही.

तडा रुंदावत गेला आणि एका दुपारी वारुळाची अर्धी बाजू ढासळली. सगळे जीव धावत भिंतीवर आले. भगदाडात नाग बसला होता, फण्यापासून शेपटीपर्यंत लख्ख उन्हात, लांबलचक आणि गुळगुळीत. तो मातीच्या ढिगाकडे पाहत होता.

सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

"हात आत ठेवलेत त्यांनी," अखेर टोळ म्हणाला. "कामाच्या वेळी काढतात."

सरड्यांच्या माना डोलल्या. मग सर्वांनी वर पाहिले. फटीत बिनशेपटीच्या पालोबाने दोन्ही पंजांनी तोंड दाबून धरले होते, पण त्याचा गळा फुगत चालला होता. आणि खाली प्रत्येकाने आपला पंजा आधीच उचलून ठेवला होता.